गेम खेळताना लॅपटॉप तापू नये यासाठी: मोजमापापासून थर्मल पेस्टपर्यंत

गेमिंग लॅपटॉपची जाडी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर असते आणि गेम चालू असताना त्यातील प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून शंभर ते दीडशे वॅट, काही मॉडेलांत त्याहूनही अधिक वीज घेतात. इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ४५ वॅट असली, तरी टर्बो अवस्थेत, म्हणजे गरजेनुसार मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने धावताना, तो ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एनव्हिडियाच्या लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०६० कार्डाची मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ ते ११५ वॅटच्या दरम्यान ठरवते. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. पूर्वीचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब थोडा वेळ पेटता राहिला की त्याला हात लावता येत नसे. तेवढी किंवा त्याहून अधिक उष्णता येथे तळहाताएवढ्या दोन पंख्यांनी आणि तांब्याच्या काही चपट्या नळ्यांनी (हीट पाइपांनी) सतत बाहेर टाकायची असते.

त्यामुळे गेम खेळताना लॅपटॉप गरम होणे हा दोष मानू नये. प्रश्न तेव्हा निर्माण होतो, जेव्हा उष्णता बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा ती तयार होण्याचा वेग अधिक असतो. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. प्रोसेसर यामुळे सहसा जळत नाही, कारण कमाल तापमानाला पोहोचल्यावर वेग उतरवणे आणि त्याहीपलीकडे गेल्यास यंत्र बंद करणे ही व्यवस्था त्यात बसवलेलीच असते. खरे नुकसान हळूहळू होते: बॅटरी लवकर म्हातारी होते, पंख्यांचे बेअरिंग झिजते, चिप आणि तिच्यावरील तांब्याचा तळ यांच्यामधली थर्मल पेस्ट कोरडी पडते आणि तीन वर्षे नीट चालायला हवे असलेले यंत्र दीड वर्षातच कुरकुर करू लागते.

लॅपटॉप तापू लागला की बहुतेक जण प्रथम कूलिंग पॅड विकत घेतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. उष्णता बाहेर काढण्याची साधने वाढवण्यापूर्वी ती विनाकारण तयार होत असेल, तर ते आधी थांबवावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वॉरंटीला धक्का बसत नाही आणि केलेला बदल एका क्लिकने मागे घेता येतो. या लेखातील पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत. फुकट आणि परत फिरवता येण्याजोग्या गोष्टी आधी, लॅपटॉप उघडण्याची वेळ अगदी शेवटी.

आधी मोजून घ्यावे

कीबोर्डला हात लावून काढलेला अंदाज विश्वासार्ह नसतो. काही लॅपटॉपचे बाहेरचे आवरण गरम लागते, पण आतील चिप सुरक्षित तापमानात असते. काहींचे आवरण थंड राहते आणि आत प्रोसेसर शंभर अंशांवर अडकलेला असतो. विंडोजसाठी एचडब्ल्यूइन्फो६४ हा विनामूल्य प्रोग्राम घ्यावा आणि तो ‘सेन्सर्स ओन्ली’ पर्याय निवडून सुरू करावा. त्यात प्रत्येक आकड्याची सध्याची, किमान, कमाल आणि सरासरी किंमत दिसते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, मात्र प्रोसेसरचे दिसत नाही, म्हणून तेवढ्यावर अवलंबून राहू नये. खेळतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडे हवे असतील, तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारा रिवाट्यूनर वापरावा. आफ्टरबर्नर दुसऱ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवरही चालतो.

आता नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर सलग अर्धा तास खेळावा. पाच मिनिटांची चाचणी पुरत नाही, कारण हीटसिंकचा, म्हणजे चिपची उष्णता घेऊन हवेत सोडणाऱ्या भागाचा, धातू पूर्ण तापून स्थिर होण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि ‘सुरुवातीला मस्त चालतो, मग अडकतो’ ही तक्रार नेमकी तेथूनच सुरू होते. अर्ध्या तासानंतर एका वहीत सहा गोष्टी लिहाव्यात: खोलीचे तापमान, प्रोसेसरचे कमाल व सरासरी तापमान, ग्राफिक्स कार्डाचे तापमान, दोघांची वॅटमधील वीज, दोघांचा चालू वेग आणि सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रे). खोलीचे तापमान वगळू नये. जानेवारीत घेतलेला आकडा आणि मे महिन्यातला आकडा एकमेकांशेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

आकड्यांचा अर्थ असा लावावा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते आणि एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांची मॉडेलनुसार ९५ ते १०५ अंश. क्षणभर ९५ दिसून पुन्हा ८० वर येणे हे टर्बोचे नेहमीचे वागणे आहे, त्याने घाबरू नये. अर्धा तास सलग ९५ च्या वर राहणे मात्र दुरुस्त करण्याजोगे आहे. एनव्हिडियाची लॅपटॉप कार्डे साधारण ८७ अंशांच्या आसपास वेग उतरवू लागतात, म्हणून ७० ते ८२ हा पट्टा समाधानकारक समजावा. एचडब्ल्यूइन्फो६४ मध्ये इंटेल प्रोसेसरसमोर ‘थर्मल थ्रॉटलिंग’ अशी ओळ असते. तेथे ‘येस’ दिसले, तर शंका घेण्याचे कारण उरत नाही. एसएसडीचे (फायली साठवणाऱ्या ड्राइव्हचे) तापमानही पाहून ठेवावे, कारण ती अनेकदा हीट पाइपांच्या अगदी शेजारी बसवलेली असते आणि सत्तर अंशांच्या पुढे गेल्यावर तीही मंद होण्याच्या दिशेने जाऊ लागते.

जागा आणि हवा

बहुतेक गेमिंग लॅपटॉप खालच्या जाळीतून थंड हवा आत घेतात आणि मागून किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकतात. गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी कापडाने बंद होते आणि शिवाय कापसाचे तंतू आत ओढले जातात, जे पुढे हीटसिंकच्या पात्यांवर थर धरतात. लॅपटॉप कडक, सपाट पृष्ठभागावरच ठेवावा आणि त्याची मागची कड दोन ते चार सेंटिमीटर उचलावी. यासाठी काही विकत आणण्याची गरज नाही. मागच्या रबरी पायांखाली सारख्या उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या पुरतात, फक्त त्या जाळीवर येणार नाहीत आणि खेळताना सरकणार नाहीत हे पाहावे. गरम हवा जेथून बाहेर पडते, त्या बाजूला भिंत किंवा पुस्तकांचा गठ्ठा एका वितीपेक्षा जवळ असू नये. तसे असल्यास बाहेर टाकलेली हवा परत खालून आत येते.

खोलीच्या तापमानाचा परिणाम सरळ असतो. चिपचे तापमान खोलीतील हवेपेक्षा अमुक अंशांनी वर राहते, म्हणून खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तितकीच वर सरकते. बहुतेक कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठी सभोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे माहितीपत्रकात लिहितात. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३५ अंशांची मर्यादा सहज ओलांडली जाते. अशा दिवसांत जड गेम सकाळी किंवा रात्री खेळणे हाच खरा उपाय आहे. कोणतेही सेटिंग त्याची जागा घेऊ शकत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो. त्याची हवा खोली थंड ठेवते हे चांगलेच, पण लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या हवेत ओलावा आणि कधी पाण्याचे सूक्ष्म तुषारही असतात. एसीच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी. एसी खोलीत किंवा गाडीत बंद अवस्थेत गार झालेला लॅपटॉप मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत आणला की थंड धातूवर दव धरू शकते. तो लगेच सुरू न करता अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्यावा. किनारपट्टीवरच्या खारट हवेमुळे पंख्यांचे सांधे आणि जोडण्याही लवकर गंजतात, म्हणून तेथे आतील सफाई इतर ठिकाणांपेक्षा लवकर करावी लागते.

फ्रेमला मर्यादा: सर्वांत मोठा फायदा येथे आहे

गेमला मर्यादा घातली नाही, तर ग्राफिक्स कार्ड शक्य तितक्या फ्रेम काढत राहते. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा असेल आणि कार्ड सेकंदाला १३० फ्रेम काढत असेल, तर निम्म्याहून अधिक काम डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही आणि त्याची फक्त उष्णता होते. पडदा १४४ हर्ट्झचा असला, तरी प्रत्येक खेळाला १४४ फ्रेम लागत नाहीत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत जास्त फ्रेमचा उपयोग होतो, हे मान्य. पण कथानकावर चालणाऱ्या किंवा गाडी चालवण्याच्या खेळांत स्थिर ६० किंवा ७२ फ्रेम अतिशय समाधानकारक दिसतात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ७२ हा आकडा मुद्दाम सुचवतो, कारण तो बरोबर निम्मा असल्याने प्रत्येक फ्रेम सारखाच वेळ दिसते.

एनव्हिडिया कार्ड असल्यास एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये जावे, ‘प्रोग्राम सेटिंग्ज’मधून गेम निवडावा आणि ‘मॅक्स फ्रेम रेट’ चालू करून आकडा द्यावा. ही सोय २०२० च्या जानेवारीतील ड्रायव्हरपासून उपलब्ध आहे. एएमडी कार्डासाठी त्यांच्या अ‍ॅड्रेनालिन प्रोग्राममध्ये ‘रेडिऑन चिल’ आहे. त्यात किमान आणि कमाल हे दोन्ही आकडे सारखे ठेवले की ती साधी मर्यादा म्हणून काम करते. गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मर्यादा असेल, तर ती प्रथम वापरावी, कारण तिने माउसचा प्रतिसाद सहसा अधिक चांगला राहतो. मर्यादा घालून पुन्हा अर्धा तास खेळावे आणि वहीतील वॅटचा आकडा पाहावा. ग्राफिक्स कार्डाची वीज ठळकपणे उतरलेली दिसेल आणि पंख्यांचा आवाजही खाली आलेला असेल.

मेन्यूकडेही लक्ष द्यावे. मेन्यूत दृश्य हलके असल्याने काही गेम तेथे सेकंदाला शेकडो फ्रेम काढतात आणि खेळाडू चहा आणायला उठलेला असतानाही कार्ड पूर्ण भाराखाली तापत असते. २०२१ च्या जुलैमध्ये अमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणीच्या वेळी काही डेस्कटॉप आरटीएक्स ३०९० कार्डे निकामी झाल्याचे प्रकरण गाजले होते. मूळ दोष काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये असल्याचे ईव्हीजीए या उत्पादक कंपनीने नंतर सांगितले, तरी अमेझॉनने तेव्हाच मेन्यूतील फ्रेमला मर्यादा घातली.

मर्यादा घातल्यावरही कार्ड सतत शंभर टक्के व्यग्र दिसत असेल, तर चित्राचा दर्जा थोडा उतरवावा. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हुबेहूब हिशोब), सावल्या आणि धूसर प्रकाशाचे परिणाम सर्वाधिक भार टाकतात. टेक्स्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांचा) दर्जा मात्र कार्डाच्या मेमरीत मावत असेल तोपर्यंत उंच ठेवला तरी उष्णतेत फारसा फरक पडत नाही. डीएलएसएस (एनव्हिडियाची सोय) किंवा एफएसआर (एएमडीची सोय) चालू केल्याने कार्ड कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करते, पण फ्रेमला मर्यादा नसेल तर वाचलेली ताकद अधिक फ्रेम काढण्यातच खर्च होते आणि तापमान जेथल्या तेथे राहते. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्र वापराव्यात.

प्रोसेसरचा टर्बो आटोक्यात आणणे

हा भाग थोडा समजून घेण्याजोगा आहे. चिपला लागणारी वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले, तर ०.९ चा घन म्हणजे सुमारे ०.७३ उरतो, म्हणजे दहा टक्के वेगाच्या बदल्यात वीज व उष्णता जवळपास २७ टक्क्यांनी कमी होते. टर्बोच्या शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज फार चढते, त्यामुळे तेथील वेग सर्वांत महाग पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बहुसंख्य गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यावरून जाणाऱ्या हीट पाइप सामाईक असतात. प्रोसेसरने ७० वॅट ओतले, की त्याच पाइपांतून कार्डाची उष्णताही जायची असल्याने दोघेही तापतात. खेळाला प्रोसेसरच्या कमाल वेगाची गरज नसताना तो टर्बोत धावत राहिला, तर तो कार्डाच्या वाट्याचे शीतकरण खातो. प्रोसेसर थोडा शांत केला की कार्ड आपला वेग टिकवू शकते, आणि तापमान उतरूनही एफपीएस कमी न होता उलट स्थिर होतात, असे पुष्कळदा दिसते.

पहिली चाचणी विंडोजमध्येच करता येते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’खालील ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करावे. एका टक्क्याचा हा बदल दिसायला किरकोळ असला, तरी त्याने टर्बो पूर्ण बंद होतो. वर सांगितलेल्या आय७-१२७००एचचे मुख्य कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाण्याऐवजी २.३ च्या मूळ वेगाजवळ राहतात. तापमान एकदम घसरते. पण सिटीज स्कायलाइन्ससारख्या प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या खेळांत याने एफपीएसही घसरतात. म्हणून ९९ टक्के हे निदानाचे साधन समजावे. त्याने खेळ तसाच चालला, तर ते कायम ठेवावे. मंदावला, तर टर्बो पुन्हा चालू करून वीजमर्यादेचा मार्ग घ्यावा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे सेटिंग लपवलेले असते, तेव्हाही वीजमर्यादेचाच मार्ग उरतो.

ही मर्यादा लॅपटॉप कंपनीच्या प्रोग्राममध्ये ‘कस्टम’ किंवा ‘मॅन्युअल’ अवस्थेत मिळते: आसुसचे आर्मरी क्रेट, लेनोवोचे व्हँटेज, एचपीचे ओमेन गेमिंग हब, एसरचे नायट्रोसेन्स, डेलच्या गेमिंग मॉडेलांसाठी एलियनवेअर कमांड सेंटर, एमएसआय सेंटर. मॉडेलनुसार हे पर्याय कमी-अधिक असतात. दीर्घकालीन (सलग भाराखाली लागू होणारी) वीजमर्यादा ४५ वॅटवर आणून चाचणी घ्यावी आणि एफपीएस न पडता ती ४० किंवा ३५ पर्यंत उतरते का, हे पाच-पाच वॅटच्या टप्प्यांनी पाहावे. इंटेलसाठी थ्रॉटलस्टॉप हा विनामूल्य प्रोग्रामही हेच काम करतो. सायलेंट, बॅलन्स्ड, टर्बो अशा तयार अवस्थांपैकी मधली अवस्था बहुतेक खेळांसाठी पुरेशी असते; लेनोवोच्या लीजन मालिकेत त्या एफएन आणि क्यू या कळा एकत्र दाबून बदलतात.

व्होल्टेज कमी करणे, म्हणजे अंडरव्होल्टिंग, हा याहून चांगला उपाय आहे, कारण त्यात वेग तोच ठेवून वीज वाचते. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र हा मार्ग अनेक इंटेल लॅपटॉपवर बंद आहे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, जिच्यात व्होल्टेज बदलण्याच्या सोयीचा गैरवापर करून संरक्षित माहिती मिळवता येत होती. त्यानंतर कंपन्यांनी बायोस (यंत्र सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम) अपडेट देऊन ही सोय कुलूपबंद केली. थ्रॉटलस्टॉपमध्ये व्होल्टेजचा भाग ‘लॉक्ड’ दिसला, तर जुना बायोस टाकण्याच्या खटपटीत पडू नये.

ग्राफिक्स कार्डाचे व्होल्टेज मात्र बहुतेक एनव्हिडिया लॅपटॉपवर बदलता येते. गेम खेळताना कार्ड कोणत्या वेगावर स्थिरावते, ते वहीतून पाहावे. समजा, तो १९०० मेगाहर्ट्झ आहे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून वेग-व्होल्टेजचा आलेख उघडावा. मुख्य खिडकीतील कोअर क्लॉकची पट्टी उणे २०० च्या आसपास नेऊन लागू करावी, म्हणजे संपूर्ण आलेख खाली येतो. मग आलेखावरील ८५० मिलिव्होल्टचा बिंदू उचलून १९०० वर ठेवावा आणि पुन्हा लागू करावे. त्याच्या उजवीकडचा भाग आपोआप सपाट होतो. आता कार्ड ८५० मिलिव्होल्टपलीकडे जाणार नाही. तासभर खेळून गेम बंद पडला किंवा चित्रात ठिपके दिसले, तर २५ मिलिव्होल्ट वाढवून पाहावे. पूर्ण खात्री होईपर्यंत हे सेटिंग विंडोजसोबत आपोआप सुरू होऊ देऊ नये, म्हणजे काही बिघडल्यास यंत्र फक्त पुन्हा सुरू करून मूळ स्थितीत येता येते. अंडरव्होल्टने चिपला इजा होत नाही. फार तर अस्थिरता येते.

चार्जर आणि बॅटरी

जड गेम नेहमी मूळ चार्जर लावूनच खेळावेत. कमी ताकदीचा यूएसबी-सी चार्जर लावला, तर उरलेली वीज बॅटरीतून घेतली जाते आणि बॅटरी एकीकडे भरत, एकीकडे रिकामी होत तापत राहते. लिथियम-आयन बॅटरी उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोहोंनी मिळून सर्वाधिक लवकर झिजते, म्हणून ज्यांचा लॅपटॉप बहुतांश वेळ टेबलावरच चार्जर लावून असतो त्यांनी कंपनीच्या प्रोग्राममध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के किंवा त्याहून कमी ठेवावी. चार्जरची वीटही जमिनीवर मोकळी असावी, पांघरुणाखाली नसावी.

धूळ

येथपर्यंतचे सारे करूनही तापमान मागील वर्षीपेक्षा जास्त येत असेल, तर धूळ आणि थर्मल पेस्ट यांच्याकडे वळावे. धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते, पण अडथळा ती दुसरीकडे करते: पंखा आणि हीटसिंकच्या बारीक पत्र्या यांच्यामधल्या फटीत तंतू, केस आणि धूळ यांची गोधडी जमते आणि हवा अडते. बांधकामांच्या परिसरात, रस्त्यालगतच्या घरांत किंवा उदबत्ती-धुपाचा धूर रोज असलेल्या खोलीत ती सहा महिन्यांतही जमू शकते.

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. खालच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढावी आणि मग बाहेर जाणाऱ्या फटीतून दाबाखालच्या हवेचे छोटे-छोटे फवारे द्यावेत. हवा देताना पंखा फिरू देऊ नये. जाळीतून लाकडी दातकोरणे अलगद घालून तो रोखावा, कारण बाहेरच्या झोताने तो त्याच्या क्षमतेपलीकडे फिरला, तर बेअरिंग बिघडते आणि उलटा विद्युतदाब निर्माण होऊन बोर्डालाही धोका पोहोचू शकतो. संगणक दुकानांतला विजेचा ब्लोअर फार जोरकस असतो, तो लांबूनच वापरावा. घरचा व्हॅक्युम क्लीनर वापरू नये; त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर विद्युत तयार होते. फटीतली गोधडी बाहेरून पूर्णपणे निघत नाही, ती खालचे झाकण उघडूनच काढावी लागते. वॉरंटी चालू असल्यास झाकण उघडल्याने ती बाधित होते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारून घ्यावे.

कूलिंग पॅड घ्यायचाच असेल, तर तो या टप्प्यावर घ्यावा. उघड्या जाळीवर संथ फिरणारे पाच-सहा छोटे पंखे असलेला स्वस्त पॅड मुख्यतः लॅपटॉप उचलून धरण्याचेच काम करतो, जे दोन लाकडी पट्ट्यांनीही होते. ज्याच्या कडेला फोमची चौकट असते आणि एक जोरकस पंखा त्या बंद जागेत हवा दाबून भरतो, तो पॅड खरोखर तापमान उतरवतो. मात्र त्याचा आवाज मोठा असतो आणि त्याला धूळ अडवणारी जाळी नसेल, तर तो धूळही तितक्याच जोराने आत भरतो.

थर्मल पेस्ट बदलणे

चिप आणि तांब्याचा तळ यांच्यामधील सूक्ष्म पोकळी भरणारी पेस्ट काही वर्षांनी कोरडी होते किंवा तापण्या-थंडावण्याच्या चक्रांत कडेला ढकलली जाते. एकाच प्रोसेसरच्या दोन कोअरच्या तापमानांत सतत पंधरा-वीस अंशांचा फरक दिसणे किंवा गेम सुरू होताच काही सेकंदांत ९५ गाठणे ही त्याची लक्षणे आहेत. हात स्थिर नसेल किंवा यापूर्वी लॅपटॉप उघडला नसेल, तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

स्वतः करायचे असल्यास आपल्या नेमक्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकृती आधी पाहावी. कारखान्यातूनच लिक्विड मेटल लावलेल्या मॉडेलला घरी हात लावू नये. ते गॅलियमयुक्त मिश्रधातू वीजवाहक असते, ओघळल्यास बोर्डावर शॉर्ट होतो आणि ॲल्युमिनियमला ते खाऊन टाकते. साध्या पेस्टचे मॉडेल असल्यास झाकण काढून सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि मग पंख्यांच्या तारा. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने आणि लावताना सरळ क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा फिरवत जावे. घाई केल्यास दाब एका कडेला येतो, आणि लॅपटॉपमधील चिपवर धातूचे संरक्षक झाकण नसल्याने तिचा कोपरा तुटू शकतो.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. हाताचे सॅनिटायझर वापरू नये, त्यातले ग्लिसरीन चिपवर थर ठेवते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे अल्कोहोल आणि पेस्ट दोन्ही मिळतात. लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट निवडावी. पातळ पेस्ट काही महिन्यांतच कडेला सरकते. संपूर्ण चिप झाकेल इतका पातळ, सारखा थर द्यावा. पेस्टऐवजी होनीवेलचे पीटीएम७९५० हे पातळ पत्र्यासारखे साहित्य लावता येते. ते साधारण ४५ अंशांवर मऊ होऊन पोकळी भरते आणि पेस्टसारखे सरकत नसल्याने दीर्घकाळ टिकते. त्याची नक्कल बाजारात असते, म्हणून विक्रेता पारखून घ्यावा. मेमरी चिपवरील थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले नसतील तर बदलू नयेत. बदलावेच लागले, तर जाडी मोजूनच घ्यावेत, कारण अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड लावला तरी हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढते.

झाकण उघडे असतानाच बॅटरीकडेही पाहावे. ती फुगलेली दिसली, किंवा उघडण्यापूर्वीच टचपॅड वर उचलला गेलेला, झाकणाची कड बसत नसलेली जाणवली, तर पेस्टचे काम तेथेच थांबवावे. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. लॅपटॉप बंद ठेवून तो अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावा आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता त्यांच्याकडेच किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. पंखा खरखरत असेल किंवा भार असूनही त्याचा वेग शून्य दिसत असेल, तरी सर्व्हिस सेंटरच गाठावे. तेथे फक्त ‘गरम होतो’ एवढेच न सांगता वहीतील नोंदी आणि एचडब्ल्यूइन्फो६४ च्या पडद्याचे छायाचित्र दाखवावे, म्हणजे तंत्रज्ञाला दुकानातल्या एसीमध्ये पाच मिनिटे लॅपटॉप चालवून ‘काही दोष नाही’ असे म्हणावे लागणार नाही.